चार पात्यांचं जहाज

प्रेमाच्या दहाव्याला कावळा शिवेना.

श्रीरंगपट्टणला कावेरीच्या काठी कावळ्यांना तोटा नाही. आमच्या शेजारी हासनकडचं एक कुटुंब होतं. त्यांनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच कावळा आला, आणि ते लोक आवराआवर करून निघूनही गेले. आमचा पिंड तसाच. एक कावळा समोरच्या पायरीवर बसून आमच्याकडे बघत होता, पण पुढे येत नव्हता.

गुरुजी म्हणाले, "त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय. बोला कुणीतरी."

माझी मुलगी शमिका पुढे झाली. "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी आहे ना." कावळा हलला नाही.

मग प्रेमाचे थोरले भाऊ, खंडोजी अण्णा, घसा खाकरून म्हणाले, "प्रेमा, दाजींना दर रविवारी आमच्याकडं जेवायला बोलावतो." कावळा तिथेच. अण्णा जरा थांबले आणि म्हणाले, "सरी, बरं, तंबाखू सोडतो." कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. अण्णा तंबाखू सोडणार हे प्रेमाने आयुष्यभर ऐकलं होतं.

मी म्हटलं, "प्रेमा, सगळं नीट आहे. तू जा." काही फरक पडला नाही. ऊन चढत होतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

तेव्हा मागे उभी असलेली सौम्या हळूच म्हणाली, "अंकल, आंटींची एक इच्छा होती. तुम्ही एकदा ते जहाज बघावं."

सौम्या कानडी मुलगी. आमचं बोलणं निम्मं कानडीत, निम्मं हिंदीत चालतं, इथे मी मराठीत लिहितोय. प्रेमाला पोहायला तिनेच शिकवलं आणि समुद्राच्या तळाशीही तिनेच नेलं. ती काय म्हणतेय ते मला लगेच कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती म्हणाल तर शॉवरखाली डोळे उघडता येत नाहीत, इतकी.

पण सगळे माझ्याकडे बघत होते. कावळासुद्धा.

"सरी," मी म्हणालो. "बघतो जहाज."

कावळा दोन उड्या मारत आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

त्याला भूक लागली असेल, हे मलाही कळतं. माझं सगळं आयुष्य बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात पंपाचे भाग जोडण्यात गेलं. कावळ्याचं आणि मेलेल्या माणसाचं बोलणं होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण शब्द गेला होता, आणि तो प्रेमाला दिला होता.

जहाजाची गोष्ट आधी सांगायला हवी.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि इथलाच झालो. प्रेमा इथलीच. तिचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, असं अण्णा सांगतात. इथल्या शिवाजीनगरला त्यांचं मोटारींच्या सीट शिवायचं दुकान आहे. लग्नानंतर माझ्या आईला प्रेमाचं मराठी कळायचं नाही. "अहो, स्वल्प थांबा" म्हणाली की आई मला विचारायची, ही काय म्हणते? पुढे आईच बाजारात "स्वल्प कमी करा" म्हणायला लागली.

पन्नाशी उलटल्यावर प्रेमाचा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. जलहळ्ळीला आमच्या घराजवळ तरणतलाव आहे, तिथे ती चालायला गेली आणि वर्षभरात पोहायला लागली. सौम्या तिथे शिकवायची. हिवाळ्यात ती काही लोकांना किनाऱ्यावर न्यायची, पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली पोहायला. प्रेमा म्हणाली, मी जाऊ का? मी म्हटलं, जा, पण मी बोटीवर बसणार.

मग दरवर्षीचं ते ठरूनच गेलं. रात्रीच्या बसने आम्ही कारवारच्या अलीकडच्या एका गावात जायचो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणी जहाज शोधत जायला नको. सकाळी बोट निघायची, ती एका खडकाळ बेटाच्या आडोशाला थांबायची. बेटाच्या पोटात पाण्याखाली गुहा आहेत आणि जवळच एक बुडालेलं जहाज आहे. प्रेमा इतरांबरोबर पाण्यात उतरायची. मी तिचा चष्मा, टॉवेल आणि मंगळसूत्र सांभाळत बसायचो. एका हातात लिंबू, कारण मला बोट लागते.

पहिल्या वर्षी ती वर आली तेव्हा मी उलट्या करून पार गळून गेलो होतो. तरी पहिला प्रश्न विचारला, "कसं आहे जहाज?"

तिने माझ्याकडे बघितलं. ओले केस मागे सारले आणि म्हणाली, "अबब! केवढं मोठं आहे हो!"

आणि मग सांगत सुटली. वर जायला लोखंडी जिना आहे, त्याला पितळी कठडा. कप्तानाची खोली आहे, तिला गोल खिडकी. खोलीत हात धुवायचं बेसिन अजून शाबूत आहे आणि त्या बेसिनमध्ये एक जाड्या मासा राहतो. तोंड थेट खंडोजी अण्णांसारखं, मिशीसकट. कुणी आलं की तो बेसिनमधून डोकं वर काढून बघतो, गिऱ्हाईक आलं की अण्णा बघतात तसं.

अण्णांना हे कळल्यावर ते चिडतील असं वाटलं होतं. उलट तेच दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले की समुद्राच्या तळाशी माझी शाखा आहे.

मी फिटर माणूस. मला जिना आणि बेसिन यांच्यात रस नव्हता. मी विचारलं, "इंजिन कुठे आहे? मागे पंखा आहे का? पाती किती?"

प्रेमा जरा थांबली. "तीन."

"एवढ्या मोठ्या जहाजाला तीन? चार असणार. नीट बघितलं नसशील."

"असेल बाई," ती म्हणाली. पुढच्या वर्षी पाण्यातून डोकं वर काढल्या काढल्या, तोंडातली नळी काढून ती बोटीकडे बघून ओरडली, "अहो, मोजली हो! चारच आहेत. तुमचंच बरोबर!"

मला फार आनंद झाला. न बघता सांगितलेलं बरोबर आलं म्हणून. सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी खडूने फरशीवर जहाज काढून सगळ्यांना दाखवलं. तेव्हापासून दर वर्षी मी नवं काहीतरी विचारायचो आणि ती पुढच्या वर्षी बघून यायची. शाफ्ट केवढा? आपल्या तुळशीच्या कुंडीएवढा. बॉयलर? आहे, पण आत काळोख आहे, मला भीती वाटते. निवृत्त झाल्यावरसुद्धा जुने सोबती भेटले की विचारायचे, "श्रीकांत, जहाज कसं आहे?"

ती कधीकधी म्हणायची, "तुम्ही एकदा चला ना खाली." मी म्हणायचो, तू सांगतेस ना, मला सगळं दिसतं.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी भाजी निवडत होती, संध्याकाळी बोलणं बंद झालं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. याच्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

तर, मी शब्द दिला, त्यावर शमिका भडकली.

"बाबा, तुम्हाला बादलीत तोंड बुडवता येत नाही. समुद्रात जाणार?"

"शब्द दिलाय."

"कावळ्याला!"

"तुझ्या आईला."

ती के. आर. पुरमला राहते. घरी गेल्यावर तिने गुरुजींना फोन लावला आणि विचारलं, याला काही पर्याय आहे का? गुरुजी अनुभवी माणूस. म्हणाले, आहे. चांदीचं छोटं जहाज करा, बोटीतून नेऊन समुद्रात सोडा. शब्द पाळल्यासारखाच आहे.

अण्णांनी शिवाजीनगरच्या त्यांच्या ओळखीच्या सोनाराला लगेच काम दिलं. जहाज कसं करायचं ते त्यांनी मला फोनवर विचारून घेतलं, मी प्रेमाने सांगितलेलं सगळं सांगितलं. जिना, कठडा, गोल खिडकी, मागे चार पाती.

इकडे मी सौम्याकडे शिकायला लागलो. डॉक्टरने तपासून परवानगी दिली. म्हणाला, या वयात लोक गुडघे बदलतात, तुम्ही समुद्रात चाललात, जा.

पाणी कमरेएवढं होतं तोवर ठीक होतं. तोंडात नळी धरून पाण्याखाली श्वास घ्यायचा, हेही जमलं. श्वास कधी रोखायचा नाही, हा पहिला नियम. खुणा शिकलो. सौम्या बोटांचं वर्तुळ करून विचारायची, ठीक? मी मान डोलवायचो. ती पाण्यातून वर काढून मला ओरडायची, "अंकल, मान नको! बेंगळुरूची मान पाण्याखाली चालत नाही. हो का नाही, ते समजत नाही. हाताने सांगा."

जमत नव्हती ती एकच गोष्ट. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क असतो, त्यात पाणी शिरलं तर ते खालच्या खाली काढायचं. वरची कड बोटांनी दाबायची, मान मागे करायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. हवा पाण्याला बाहेर ढकलते. मला तत्त्व समजत होतं. पंपाचंच तत्त्व आहे. पण नाकाला पाणी लागलं की मी तत्त्व विसरायचो आणि उभा राहायचो. तिथे उभं राहता येत होतं. समुद्रात येणार नव्हतं.

प्रेमाच्या बॅचच्या बायका तलावात असायच्या, त्यांनी माझी शिकवणीच लावली. मी पाण्यात गेलो की सगळ्या जणी काठावरून मोठ्याने म्हणायच्या, "नाकाने! नाकाने!" एक जण घरून रव्याचे लाडू आणायची, मी मास्कमधलं पाणी काढलं की मिळणार म्हणून. रोज न काढताच मिळायचे. घरी मी न्हाणीघरात बादली भरून मास्क लावून सराव करत होतो. एका शनिवारी शमिका आली, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि बाप बादलीत डोकं घालून बसलेला. ती किंचाळली. मग बादलीच्या दुसऱ्या बाजूला फतकल मारून बसली आणि खूप वेळ हसली. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती. त्या दिवसानंतर तिने मला अडवलं नाही. उलट निघायच्या वेळी स्वतः येऊन बसमध्ये बसवून दिलं आणि अण्णांना म्हणाली, "मामा, लक्ष ठेवा."

"मी आहे ना," अण्णा म्हणाले. खिशात चांदीचं जहाज होतं, रुमालात गुंडाळून. "शमिका, मी काय सांगतो, दाजी पाण्यात जात नाहीत बघ. गेले तरी घोट्यापर्यंत."

डिसेंबरचा समुद्र शांत होता. तीच बोट, तेच बेट. मी नेहमी बसायचो त्या जागेवर अण्णा बसले. त्यांनाही बोट लागते हे तेव्हा कळलं. मी माझं लिंबू त्यांना दिलं.

सौम्याने मला टाकी चढवली, कमरेला शिशाचा पट्टा बांधला. बोटीतून एक दोर थेट खाली जातो, तो धरून हळूहळू उतरायचं. ती माझ्या समोर, तिचा एक हात माझ्या जाकिटाला धरलेला. उतरलो. दोन पुरुष खोल गेलो असेन. कानात दडा बसला, तो नाक दाबून काढला. मग मास्कच्या कडेने थोडं पाणी शिरलं. थोडंच. नाकाला लागलं आणि माझे हातपाय माझे राहिले नाहीत. मी वर जायची खूण केली. सौम्याने लगेच वर आणलं, रागावली नाही. म्हणाली, "अंकल, आज आणखी एकदा प्रयत्न करता येईल. नाहीतर राहू दे. आंटी रागावणार नाहीत."

मी बोटीत आलो. थंडी वाजत होती. अण्णांनी टॉवेल पांघरायला दिला आणि माझ्या शेजारी बसून खिशातला रुमाल काढला.

"दाजी, पुरे झालं. प्रयत्न केलात. हे घ्या, सोडा समुद्रात, आणि चला भात खाऊ. गुरुजींनी चालतं म्हणून सांगितलंय."

मी रुमाल उघडला. फार सुंदर काम होतं. जिना होता, त्याला बारीक कठडा होता, गोल खिडकी होती. खरं सांगतो, मी ते सोडणार होतो. हात बोटीबाहेर काढला सुद्धा होता. सोडण्याआधी सवयीने जहाज उलटं करून मागची बाजू बघितली.

"अण्णा, पाती तीन आहेत."

"हां?"

"मी चार सांगितली होती."

"अय्यो दाजी! तीन काय, चार काय. तळाशी कोण मोजायला बसलंय?"

"प्रेमाने मोजली होती."

"मग तिला कळेल, सोनाराची चूक आहे, आपली नाही. सोडा."

माझ्याच्याने सोडवेना. चुकीचं जहाज मी तिच्या नावाने कसं सोडू? तिने मला बरोबर ठरवायला दुसऱ्या वर्षी खाली जाऊन पाती मोजली होती. एवढ्या वर्षांत कारखान्यातसुद्धा माझ्या म्हणण्याची कुणी इतकी दखल घेतली नव्हती.

मी जहाज रुमालात गुंडाळून अण्णांना परत दिलं. "मी बघून येतो."

"काय?"

"पाती."

अण्णा लिंबू हुंगत म्हणाले, "सरी. जातच आहात तर माझ्या माशाला नमस्कार सांगा."

दुसऱ्या खेपेला मी फक्त दोराकडे बघितलं. एक हात, मग दुसरा हात. श्वास आत, श्वास बाहेर. खाली तोच एक आवाज असतो, आपल्या श्वासाचा. बुडबुडे कानाजवळून वर जातात. प्रेमाला मी विचारायचो, खाली आवडतं काय एवढं? तिला ते सांगता यायचं नाही. मला तिथे थोडं कळलं. एवढी शांतता आमच्या घरी तिच्यामागे झाली होती, आणि त्या शांततेची मला धास्ती बसली होती. इथल्या शांततेत मात्र माझा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो चालू होता.

पायाला वाळू लागली. सौम्याने वर्तुळ करून विचारलं. मी मान डोलवली, मग आठवण झाली आणि हाताने वर्तुळ केलं. तिने माझा दंड धरला आणि आम्ही पुढे निघालो.

पाणी हिरवट होतं. समोर काहीतरी काळं दिसायला लागलं. जवळ गेलो. लोखंडी पत्र्याचा एक मोठा चपटा डबा, अर्धा वाळूत गेलेला. एक बाजू फाटलेली. त्याच्यावर शेवाळ आणि शिंपले. बारीक पिवळे मासे फटीतून आत-बाहेर करत होते. मला वाटलं, हा जहाजाचा पुढचा तुकडा असेल. मी सौम्याला हाताने विचारलं, जहाज कुठे? तिने त्या डब्याकडे बोट दाखवलं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाखवलं, आणि दोन्ही हात पसरले. एवढंच.

आम्ही त्याला एक फेरी मारली. फेरी मारायला वेळ लागला नाही. जिना नव्हता. खोली नव्हती, त्यामुळे खिडकी नव्हती आणि बेसिनही नव्हतं. मी मागच्या टोकाला गेलो. तिथला पत्रा शाबूत होता, सरळ, गुळगुळीत, एकही भोक नसलेला. पंखा फिरवणारा शाफ्ट बाहेर यायला जागाच नव्हती. फिटरला एवढं कळतं. ते माल वाहायचं बार्ज होतं, दुसऱ्या बोटीने ओढून न्यायचं. त्याला इंजिन नव्हतं. कधीच नव्हतं. पंखा नव्हता. तीन नाही, चार नाही, एकही पातं नव्हतं.

आणि मी खडूने फरशीवर काढून दाखवलं होतं!

"अहो, मोजली हो! चारच आहेत. तुमचंच बरोबर!" पाण्यातून डोकं बाहेर काढून ओरडणारी प्रेमा मला दिसली, आणि मी हसलो. तोंडात नळी असताना हसता येत नाही, तरी हसलो. हसलं की गालाला घड्या पडतात आणि मास्क सुटतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भसकन पाणी शिरलं. डोळे, नाक, सगळं पाण्यात.

सौम्याने माझं जाकीट घट्ट धरलं. मी काही केलं नाही. हसू थांबत नव्हतं, त्यामुळे घाबरायला जमलं नाही. मग सवय लागलेला हात आपोआप वर गेला. कड दाबली, मान मागे केली, नाकाने हवा सोडली. पाणी निघून गेलं. समोर पुन्हा सगळं स्वच्छ दिसायला लागलं. पत्रा, पिवळे मासे, आणि सौम्याचे मोठे झालेले डोळे. मी पुन्हा हसलो, पुन्हा पाणी शिरलं, पुन्हा काढलं. तलावावर खाल्लेले सगळे लाडू मी त्या पाच मिनिटांत फेडले.

सौम्याने मला खूण केली, चला. बार्जच्या पलीकडे बेटाचा खडक येतो, त्यात एक गुहा आहे. मला आत जायची परवानगी नव्हती, तोंडाशी थांबून तिने बॅटरी आत धरली. आतल्या कपारीत एक दांडगा करडा मासा बसला होता. उजेड पडल्यावर त्याने डोकं बाहेर काढलं आणि आमच्याकडे, ही कुठली गिऱ्हाइकं, असं बघितलं. मिशी नव्हती. पण खालचा ओठ पुढे आलेला, तंबाखूची चिमूट धरल्यासारखा. सौम्याने आपल्या ओठावर बोटाने मिशी काढून दाखवली.

मी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. सांगितला होता म्हणून.

वर आल्यावर लगेच बोटीत चढलो नाही. बोट थोडी लांब होती, आम्ही पाण्यात तरंगत तिची वाट बघत होतो. सौम्या म्हणाली, "अंकल, वाईट वाटलं?"

"नाही गं. तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षीपासून. आंटी म्हणाल्या, मी वर आले तर ते पिवळे पडलेले, हातात लिंबू, आणि मोठे डोळे करून विचारतात जहाज कसं आहे. त्यांना पत्र्याचा डबा आहे असं कसं सांगू? मग दर वर्षी तुम्ही नवीन प्रश्न द्यायचात. आंटी परतीच्या वाटेवर नियमाप्रमाणे थोडा वेळ दोराला धरून थांबायच्या ना, तेव्हा उत्तर तयार करायच्या. वर येताना मला डोळा मारायच्या."

"मग मी बघावं असं का म्हणायची?"

सौम्या हसली. "त्या म्हणायच्या, एक दिवस ते खाली येणार आणि माझी चोरी पकडणार. पण तोंडात नळी असेल, एक शब्द बोलता येणार नाही. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघायचाय."

मी काही बोललो नाही. नळी नव्हती तरी.

"मी बघितला अंकल," ती म्हणाली. "त्यांच्या वतीने."

मी तिचे आभार मानले. कानडीत मानले, धन्यवाद म्हणून. ती म्हणाली, अय्यो, त्यात काय. पण मला आणखी पुष्कळांचे मानायचे होते. तलावावरच्या बायकांचे, शमिकाचे, गुरुजींचे, पायरीवर बसलेल्या त्या कावळ्याचे. आणि प्रेमाचे. दरवर्षी ती माझ्यासाठी समुद्राच्या तळाशी जाऊन रिकाम्या हाताने वर येत होती, आणि बोटीला हात लागेपर्यंत माझ्यासाठी एक अख्खं जहाज बांधत होती. मी चार पाती म्हटलं, तर चार.

बोट जवळ आली. अण्णा कठड्यावरून वाकले होते. तोंड माझ्यापेक्षा पिवळं.

"दाजी! ठीक आहात ना? हसताय कशाला? माझा मासा दिसला?"

सौम्या पायातले पोहायचे रबरी पंख काढायला खाली वाकली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"दिसला," मी म्हणालो. "बेसिनमध्येच बसलाय. मिशी पिकलीय आता."

"पिकणारच," अण्णा म्हणाले आणि आपल्या मिशीवरून बोट फिरवलं. मग त्यांना आठवण झाली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, जहाज बाहेर काढून उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. "आणि हे? मोजलीत का?"

प्रेमाने त्या जागेवरून, त्याच पाण्यातून, माझ्याकडे बघून जसं सांगितलं होतं, तसंच मी सांगितलं.

"मोजली हो. चारच आहेत. सोनाराला सांगा, एक पातं वाढवून दे."